अडचणीतलं घर रविवारी दिसत नाही

घर अडचणीत आलं की आधी चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला दिसेनासं होतं. वसईच्या गावांत प्रत्येकाला प्रत्येकाची तीन पिढ्यांची माहिती असते. नोकरी गेलेल्या माणसाला चर्चच्या अंगणात ‘काय, कसं चाललंय?’ या साध्या प्रश्नालाही तोंड देववत नाही. दानाची पिशवी समोरून जाताना हात रिकामा राहिला तर बायकोला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मी समाजकार्य शिकले आणि धर्मग्रामातल्या कुटुंबांसोबतच काम करत आले. चर्च संकटात काय देतं, असं कुणी विचारलं की मी म्हणते, चर्च त्या घरी जातं का, ते आधी बघा.

घरी जाण्याची ही रीत विन्सेंट डी पॉल सोसायटी या सेवाभावी संस्थेची. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती सुरू केली. आदल्याच वर्षी शहरात कॉलऱ्याने थैमान घातलं होतं, आणि तुमचा धर्म गरिबांसाठी आज काय करतो, असं चर्चचे विरोधक विचारत होते. गरीब वस्तीत सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंद्यू यांनी या पोरांना कुटुंबं दाखवली, त्यांच्याशी वागावं कसं तेही शिकवलं. तेव्हाची शिस्त अजून टिकून आहे. सभासदांनी नेमाने बैठकीला जमायचं. घरी दोघांनी मिळून जायचं, म्हणजे पैशांवरून संशय उरत नाही आणि एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं. बैठकीत पिशवी फिरते, पण कुणी किती टाकले ते कुणाला कळत नाही. मदत कुणाला गेली, हे तर बाहेर काढायचंच नाही.

पहिल्या भेटीत घरचे किराणा मागतात, कारण ते मागणं सोपं असतं. दोन-तीन भेटी झाल्या की मग आजी मधुमेहाची गोळी एक दिवसाआड घेते, हे कळतं. इस्पितळाचं बिल कुणाकडून तरी व्याजाने पैसे काढून भरलंय, हेही कळतं. मग तांदळापेक्षा रेशनकार्डावरचं नाव दुरुस्त करणं आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद जुळवणं जास्त मोलाचं ठरतं. या कामाला भक्तीइतकीच चिकाटी लागते.

वसईतली सगळ्यात दूरवर पोचलेली मदत मात्र दानाची नव्हती. इथला बागायतदार केळी आणि पानवेलीवर जगायचा आणि नड आली की सावकाराचं दार ठोठावायचा. १९०४च्या कायद्याने देशात सहकारी पतसंस्थांना वाट करून दिली होती. १९१८ साली पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी पुढाकार घेऊन वसईत अशी संस्था उभी केली. तिथल्याच पापडीची आजची बसीन कॅथॉलिक बँक तिच्यातूनच वाढली. अशा संस्था चालतात त्या छोट्या परिसरामुळे. कर्ज घेणारा, त्याला जामीन राहणारा आणि कर्ज मंजूर करणारा, सगळे एकमेकांना ओळखून असतात. ज्या ओळखीपायी अडचणीतला माणूस अंगणात यायला लाजतो, तीच ओळख इथे तारण झाली. शिवाय कर्ज फेडलेल्या माणसाला कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही.

काही ठिकाणी चर्चने नुसती जागा द्यावी आणि बाजूला व्हावं. दारू सुटावी म्हणून झगडणाऱ्यांचे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे गट अनेकदा चर्चच्या खोलीत भरतात, पण ते चर्चचे नसतात. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली ही चळवळ बाहेरच्यांकडून देणगी घेत नाही. गट आपला खर्च आपल्याच वर्गणीतून भागवतो. तिथे फादरांचं प्रवचन नको असतं. आपण कालपर्यंत काय केलं, हे तसंच करून बसलेल्या दुसऱ्याला सांगायचं असतं.

घरात मृत्यू झाला तर चर्चला काही शिकवावं लागत नाही. घंटा वाजते, गाव गोळा होतं, प्रार्थना सुरू होते. पुढे सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा. दिवाळीच्या मागेपुढे २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांचं स्मरण असतं, तेव्हा कबरी साफ होतात, फुलं आणि मेणबत्त्या लागतात. दुःखाला असं वेळापत्रक असल्याने माणसं पुन्हा पुन्हा त्या घराकडे वळतात. पण महिन्याची मिस्सा झाली की वर्षाच्या मिस्सापर्यंत मोठी पोकळी असते. नव्या कार्यकर्त्यांना मी त्या मधल्या महिन्यांत जायला सांगते.

चर्चच्या मदतीला मर्यादा आहेत, आणि त्या ओळखल्या नाहीत तर मदतच घातक ठरते. पापनिवेदनात ऐकलेलं धर्मगुरूला कधीच, कुणालाही सांगता येत नाही. म्हणून जाणता फादर म्हणतो, ‘हेच मला ऑफिसात येऊन पुन्हा सांग.’ तरच त्याला पुढची हालचाल करता येते. मार खाणाऱ्या बाईला मात्र ‘सहन कर, प्रार्थना कर’ हा सल्ला मिळालेला मी ऐकला आहे. चर्चचा स्वतःचा कायदाही असं सांगत नाही. जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा त्यात आहे. देशात २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी आहेत. यातलं काहीच त्या बाईच्या कानावर गेलेलं नसतं. म्हणून घरी जाणाऱ्या दोघांपैकी एक बाई असावी, असा माझा आग्रह आहे. आणि किराण्याच्या पिशवीसोबत तिच्याकडे संरक्षण अधिकाऱ्याचा फोन नंबरही असावा.