लाल गाडी आणि मागची काच

आमच्या घरात वाहन विकण्याचा प्रसंग दोनदा आला. पहिल्या खेपेला आम्ही ठार मूर्ख ठरलो. दुसऱ्या खेपेला काय ठरलो, हे आमच्या घरात अजून मिटलेले नाही. सांगायची आहे ती दुसरी हकीकत. पण पहिली सांगितल्याशिवाय दुसरीतला आमचा भित्रेपणा वाचकांना समजायचा नाही.

पहिली हकीकत बजाज चेतकची. 2004 साली ती आम्ही एका ओळखीच्या माणसाला विकली. ओळखीचा म्हणजे अगदी पौर्णिमेला विहारात वंदनेला मांडीला मांडी लावून बसणारा. पैसे त्याने रोख मोजून दिले. आम्ही कोऱ्या टीटीओ फॉर्मवर सह्या ठोकल्या, आरसी बुक हातात ठेवले, वर चहा पाजला. "दादा, आठ दिवसांत नावावर करून घेतो, जयभीम," म्हणून तो गेला. 2007 साली दारात पोलीस उभे राहिले. त्या स्कूटरने भिवंडीच्या रस्त्यावर एका सायकलवाल्याला उडवले होते, विमा केव्हाच संपला होता आणि सरकारदरबारी मालक आम्हीच होतो. कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. विकत घेणारा दोन तारखांना आला, नंतर तो पुण्याकडे गेला म्हणतात. शेवटी तडजोडीत आमच्या खिशातून जी रक्कम गेली ती स्कूटरच्या किमतीच्या तिप्पट होती. तो सायकलवाला गरीब होता, पाय मोडून घरी बसला होता, त्यामुळे पैसे गेल्याचे फार बोलताही येईना.

मोटार वाहन कायद्यात मालक कोण, तर ज्याचे नाव नोंदीत आहे तो. विकून पैसे घेतले, किल्ली दिली, म्हणून आपण सुटलो असे होत नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा निक्षून सांगितले. विकणाऱ्याने 14 दिवसांच्या आत कळवायचे असते, घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत. आम्हाला हे कळले ते कोर्टाच्या बाकावर बसून.

आता लाल गाडीकडे वळतो.

ती फियाट पालिओ, 2003 सालची, 1.6 लिटरच्या इंजिनाची. आकाराने छोटी, पण 100 अश्वशक्तीचे यंत्र पोटात. त्या काळात एवढ्या लहान गाडीत एवढी ताकद देशात क्वचितच मिळायची. सचिन तेंडुलकर पालिओची जाहिरात करायचा, त्यामुळे पोरांना ती आणखीच प्यारी. आमच्या चिरंजीवांनी नोकरी लागल्यावर, 2008 साली, ती जुनीच विकत घेतली. मग रुंद टायर चढवले, स्प्रिंगा बसवून बूड खाली आणले, सायलेन्सर असा लावला की गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की कुकरच्या शिट्टीआधी आम्हाला कळायचे. वस्तीतली मुले तिला 'स्पोर्ट्सकार' म्हणत. पोराचा पत्ता तेव्हा पक्का नव्हता, म्हणून आरसी बुक आमच्या नावावर घेतले.

पण त्या गाडीवर खरा जीव होता नानांचा. नाना म्हणजे आमचे वडील. कुर्ल्याच्या मोटार कारखान्यात त्यांनी रंगखात्यात हयात घालवली. हजारो पद्मिनींना रंग दिला. पण स्वतः एकाही गाडीत मालक म्हणून बसले नाहीत. पालिओ कुर्ल्यालाच बनायची. तोवर नाना निवृत्त झाले होते, म्हणजे या गाडीला त्यांचा हात लागणे शक्यच नव्हते. तरी गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा त्यांनी बॉनेटवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "ही आपल्या कुर्ल्याची." कोण आले की हेच सांगत. आम्ही दुरुस्त करायला जात असू. पोराची आई डोळे वटारायची.

त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तनदिनी, नानांनी मागच्या काचेवर निळे अशोकचक्र आणि त्याखाली 'जयभीम' ही अक्षरे स्वतः चिकटवली. रंगखात्यातला माणूस; साबणाचे पाणी मारून, प्लास्टिकच्या पट्टीने एकेक बुडबुडा बाहेर काढत बसले होते. अर्धा तास लागला. नऊ वर्षांत त्याचा एक कोपरा उचकटला नाही.

गाडीत बसले की नाना नेमक्या दोन गोष्टी सांगत, त्याही ज्यांना पाठ होत्या त्यांनाच. एक, साताऱ्याहून निघालेल्या लहानग्या भीमाची. मसूर स्टेशनावर उतरलेल्या त्या मुलांना गाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, बैल मुलांनीच हाकायचे आणि आपण बाजूने पायी चालायचे, या अटीवर तो तयार झाला. दुसरी 1929 सालची चाळीसगावची. बाबासाहेबांचा टांगा हाकायला टांगेवाला तयार नव्हता. म्हणून वस्तीतल्याच ज्या माणसाने लगाम हाती घेतला त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. नाना सांगून झाले की नातवाला म्हणत, "चल, मार गिअर." नातू मारायचा. मग घाटात नाना डोळे मिटून घ्यायचे, पण हळू चालव असे कधी म्हणाले नाहीत.

महाड, भीमा कोरेगाव असे सगळे तिने केले. महाडच्या वाटेवर खड्ड्यांत बूड घासायचे, तो आवाज थेट काळजात जायचा. 2012 साली नाना कालकथित झाले. पोरगा पुढे बंगळूरला गेला, लग्न झाले, सुनेला ती गाडी म्हणजे ट्रॅक्टर वाटे. शहरात लिटरला 9 किलोमीटर, एसीचा कॉम्प्रेसर कुरकुरतो, सुटे भाग मिळवायला दहा ठिकाणी फोन. 2017 च्या मे महिन्यात पोराचा फोन आला : "बाबा, पुढच्या वर्षी 15 वर्षे होतील. नोंदणी नव्याने करावी लागेल. आत्ताच विकून टाका."

जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने तीस हजार सांगितले आणि वर आमच्याच चहात साखर कमी म्हणाला. म्हणून आपणच विकायची ठरवली. सचिनने स्वतःची फेरारी 2011 साली सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली, त्याला गिऱ्हाईक शोधावे लागले नसेल. आम्हाला मात्र पुतण्याकडून मोबाईलवर जाहिरात टाकून घ्यावी लागली. गाडी धुतली, फोटो काढले. किंमत नव्वद हजार लिहिली.

गिऱ्हाईके नाना तऱ्हेची. एक पोरगा चक्कर मारून बघतो म्हणाला. आम्ही शेजारी बसलो. मोकळ्या रस्त्यावर त्याने असा पाय दाबला की आमचा चष्मा कपाळावर. परत आल्यावर विचारतो, "काका, हप्त्याने द्याल?" त्याच्याकडे लायसन्सही नव्हते, हे नंतर उघडकीस आले. तेव्हापासून आधी लायसन्स, मग किल्ली, असा घरात नियम झाला. एक गृहस्थ सहकुटुंब आले. दिवाणखान्यातला तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो त्यांनी पाहिला, गाव विचारले, आडनाव विचारले. ताईंनी चहाला हात लावला नाही. उपवास आहे म्हणाल्या. असेलही. वार कोणता होता, हे पोराच्या आईने लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिले. ते काय निघाले हे तिने आम्हाला सांगितले नाही.

मग आले ते गृहस्थ, ज्यांच्यासाठी हा लेख. सभ्य माणूस. गाडीतले कळत होते. बॉनेट उघडले, ऑइलचे झाकण काढून पाहिले, उगाच खोड काढली नाही. पंचाहत्तर हजार सांगितले, तेही एकरकमी, बँकेतून. आम्ही मनात हो म्हणून टाकले होते. निघताना ते गाडीच्या मागे गेले, थांबले आणि म्हणाले, "काका, तेवढं मागच्या काचेवरचं खरवडून द्या. आमच्या सोसायटीत उभी राहणार, पुढे विकायलाही बरं. माझ्या मनात तसं काही नाही हं, माझे बरेच मित्र तुमच्यातले आहेत."

आम्ही "बघतो" म्हणालो. तेव्हा तोंडातून एवढेच निघाले. एरवी विहारात माईक मिळाला तर आम्ही पाऊण तास बोलतो.

रात्री पोराला फोन केला. त्याचे म्हणणे सरळ होते. "बाबा, ते स्टिकर आहे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर पाहिजे तेवढे मिळतात. माझ्या नव्या गाडीवर पुढच्याच काचेवर आहे. विकलेल्या गाडीवर काय राहतं याला काय अर्थ? पंचाहत्तर घ्या आणि त्यातले पाच विहाराच्या अभ्यासिकेला द्या." बिनतोड होते. घेणारा उद्या ब्लेड घेऊन बसला तर आपण थोडेच थांबवणार? आम्ही मनाची समजूत घालत आणली होती. बादली आणि पट्टी कुठे आहे, एवढेच विचारले.

पोराची आई भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, पट्टी कशाला पाहिजे? तुम्ही तर आधीच काढलंय. जाहिरातीतले फोटो बघा."

बघितले. समोरून दोन, डाव्या बाजूने एक, उजव्या बाजूने एक, आत बसून दोन, टायरचा एक. मागून एकही नव्हता. पुतण्याला आम्हीच उभे राहून सांगितले होते, इथून घे, तिथून घे. मागे डबकं आहे, तिकडे नको, असेही सांगितल्याचे आठवले. डबके होते, हे खरे. पण त्या आठवड्यात ऊन कडक होते.

सकाळी आम्ही पुतण्याला बोलावून मागून फोटो काढवला आणि तोच जाहिरातीत पहिला लावायला लावला. त्या गृहस्थांना फोन करून सांगितले, गाडी आहे तशी आहे. ते शांतपणे "विचार करतो" म्हणाले. त्यानंतर फोन कमी आले. फोटोमुळे की पाऊस सुरू झाल्यामुळे, ते सांगता येणार नाही.

पंधरा-वीस दिवसांनी उल्हासनगरहून एक पोरगा आला, वडिलांचे डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज. त्याच्याकडे आधीची एक पालिओ होती, अपघातात गेलेली. तिचे भाग याच्या कामाचे. आम्ही काही लपवले नाही : पुढचा उजवा मडगार्ड रंगवलेला आहे, कॉम्प्रेसर जायला आलाय, टायमिंग बेल्ट बदलायला झालाय. त्याने मडगार्डवर बोट फिरवले आणि हसला, "आम्हाला दिसलं, काका. काम चांगलं आहे." बासष्ट हजारांवर सौदा ठरला, पाच हजार इसार दिला. आणि दुसऱ्याच दिवशी त्या सभ्य गृहस्थांचा फोन. "ते मीच काढीन, सत्तर देतो." आठ हजारांचा फरक. पोराच्या आईकडे पाहिले. ती म्हणाली, "इसार घेतलाय ना?" विषय संपला, पोराला मात्र आम्ही हा फोन आल्याचे आजतागायत सांगितले नव्हते. आता वाचेल.

या वेळी चेतकचा धडा पाठ होता. फॉर्म 29 आणि 30 आमच्यासमोर भरले, एकही रकाना कोरा नाही. पैसे खात्यात पडल्याचा मेसेज येईपर्यंत किल्ली खिशात. त्याच्या ओळखपत्राची सही केलेली झेरॉक्स घेतली. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही टाकली, सायंकाळी 4 वाजून 40 मिनिटे. विमा कंपनीला कळवले. दुसऱ्या दिवशी आरटीओत त्याच्यासोबत स्वतः जाऊन उभे राहिलो. तिथल्या एजंटाला आमचे हसू आले. आता अर्ज ऑनलाईन भरावा लागतो, पण मोबाईलवर नाव बदललेले दिसेपर्यंत झोपू नये, असे आमचे मत आहे. आम्ही तीन आठवडे नीट झोपलो नाही.

गाडी नेताना पोरगा मागच्या काचेजवळ थांबला होता. "काका, हे राहू दे की काढू?"

इतके सगळे होऊन आमच्याकडे याचे उत्तर तयार नव्हते. "गाडी तुझी आहे," आम्ही म्हणालो. पोराची आई दारातून म्हणाली, "आमच्या सासऱ्यांनी लावलंय ते. काढलंस तर ब्लेडने काढू नको, काचेला चरे पडतात. गरम पाणी घे."

दोन महिन्यांनी नानांच्या फोटोमागे दुसरी किल्ली सापडली. ती तिथे कोणी ठेवली, कोण जाणे. पोराला फोन केला. "राहू द्या काका, तिकडे आलो की घेईन," म्हणाला. अजून आलेला नाही. किल्ली तिथेच आहे; पुसताना काढतो आणि परत ठेवतो.