श्राविकेच्या घरात भट्टी



गेल्या महिन्यात आमच्या लातूरच्या घरी विजेची भट्टी आली. मातीची भांडी भाजायची. मंदिरात भेटलं की सगळ्या दोनच गोष्टी विचारतात: केवढ्याला पडली, आणि सासूबाई काय म्हणाल्या? पहिलं उत्तर सोपं आहे. ठरवली तेव्हाच्या भावाने साधारण तोळाभर सोन्याएवढी. दुसऱ्या उत्तरासाठी हा सगळा लेख लागणार आहे.

मातीकाम मी शिकले माहेरी, नांदेडला. भट्टी तिथल्या ताईंकडे होती, म्हणून इथे केलेल्या पणत्या-वाट्या कच्च्याच घेऊन अहमदपूर, लोहा असं एस.टी.नं जायचं. कच्चं भांडं म्हणजे नुसता सुकलेला चिखल. एका खड्ड्यात निम्मा माल गेला की पिशवीतून खडखड आवाज यायचा आणि शेजारची बाई विचारायची, "काय फुटलं हो?"

हे म्हणाले, इथल्या कुंभारवाड्यात दे ना भाजायला. मी जाऊन बघितलं. आवा रचत होते. लाकडं, तुराट्या, गवऱ्या. एक गवरी उचलली की तिच्याखाली किती जीव वळवळतात ते आपल्याला सांगायला नको. त्यांचं पोट आहे त्यावर, मी त्यांना काय बोलणार? पण माझ्या हौसेसाठी तो पेटवा म्हणायला माझी जीभ रेटेना. 2020 च्या ऑक्टोबरात खादी आयोगाने नांदेड आणि परभणीच्या 15 गावांतल्या 100 कुंभार कुटुंबांना प्रशिक्षण देऊन विजेची चाकं दिली होती. चाक फिरवण्याचे कष्ट त्याने वाचले. मी पाहिलेला आवा मात्र अजून गवऱ्यांवरच आहे.

म्हणून विजेची भट्टी. आणि तिथेच सासूबाईंनी मला अडवलं.

"अगं, दिवा लावला तरी वर जाळीचं झाकण शोधतो आपण. आणि तू घरात आवा लावणार?"

मी म्हटलं, "आई, कुंभार काय पापी असतात का? आपल्या मराठवाड्यातलेच ना तेरचे गोरोबाकाका?"

"ते कुंभार होते. तू कोण आहेस?"

या प्रश्नावर मी आठ दिवस अडकून होते.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, विरोधी, आरंभी आणि उद्योगी. घरकामात होते ती आरंभी, पोटासाठी होते ती उद्योगी. गृहस्थाला या दोन पूर्ण सुटत नाहीत. पण हौसेचं काय? समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यात प्रमादचर्या आहे: काही प्रयोजन नसताना माती खणणं, पाणी सांडणं, अग्नी पेटवणं. वाचताना वाटलं, आचार्यांनी मातीकामाच्या वर्गात डोकावूनच लिहिलंय की काय!

बरं, मग प्रयोजन जोडावं. भांडी विकावी. तर हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात अंगारजीविकेत कुंभाराचं नाव स्पष्ट आहे. लोहार, सोनार आणि वीटभट्टीही आहे. (सोनार वाचून मी थोडी थांबले. सराफाकडे जाताना आपल्याला हे आठवत नाही.) म्हणजे विकली तर अंगारजीविका, नाही विकली तर अनर्थदंड.

आमच्या कॉलनीतल्या एका स्थानकवासी मैत्रिणीने मला सकडालपुत्राची कथा सांगितली. उपासकदशांग सूत्रात आहे. पोलासपूरचा मोठा कुंभार, त्याची 500 दुकानं, आजीविक मताचा, म्हणजे सगळं नियतीनेच होतं असं मानणारा. भगवान महावीरांनी त्याला त्याच्याच मडक्यांवरून विचारलं, ही प्रयत्नाने झाली की आपोआप? आणि कोणी ती फोडली तर तू त्याला शिक्षा करशील की नाही? शेवटी त्याने श्रावकाची बारा व्रतं घेतली. भगवंत त्याच्या दुकानात उतरले, हे मला फार आवडलं. पण त्याच सूत्राच्या पहिल्या अध्ययनात आनंद श्रावकाच्या कथेत पंधरा कर्मादानं सांगितली आहेत आणि त्यात पहिलं अंगारकर्म आहे. एकाच ग्रंथात दोन्ही गोष्टी आहेत.

"मग विकतची आणून वापर," असं जाऊबाई म्हणाल्या. पण कृत, कारित आणि अनुमोदना अशी तिन्ही धरली, तर विकतच्या वाटीखालचा अग्नी काय आपला नव्हे? स्टीलची घेतली तरी कुठेतरी भट्टी आहेच. विजेच्या भट्टीतही धूर नाही म्हणून मी फार खूश नाही. लाकूड माझ्यासमोर जळत नाही इतकंच. तिकडे परळीला कोळसा जळतोच.

माझ्यापुरता मार्ग मला परिमाणात सापडला. मंदिरात नियम घेतला आणि मग भट्टीचं माप ठरवलं. भांडी विकायची नाहीत. महिन्यातून एकदाच भट्टी, आणि पूर्ण भरल्याशिवाय नाही, कारण अर्धी रिकामी असली तरी तिला वीज जवळपास तेवढीच लागते. चातुर्मासात बंद. तसंही पावसाळ्यात भांडी नीट वाळत नाहीत आणि कुंभारही तेव्हा आवा लावत नाहीत.

विक्रेता दीड फुटाची घ्या म्हणत होता, "ताई, पुढे काम वाढेल." वाढवायचंच नाही म्हटल्यावर तो गप्प झाला. माझी भट्टी आतून एक फूट लांब, रुंद, उंच. 3 किलोवॅटची, म्हणजे 230 व्होल्टवर 13 अ‍ॅम्पिअर. मोठ्या गिझरएवढीच म्हणा. पण गिझर थोड्या वेळात बंद होतो, ही आठ-दहा तास ओढते. म्हणून मीटरपासून वेगळी जाड तांब्याची तार, वेगळा एमसीबी, चांगलं अर्थिंग. आणि महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते आधी बघा. कमी असेल तर वाढवून घ्यावा लागतो. आठ तास सतत चालली तरी 24 युनिट होतात. प्रत्यक्षात कमी, कारण कंट्रोलर मधूनमधून वीज तोडतो.

कंट्रोलर मात्र स्वस्तातला घेऊ नका. आपल्याकडे वीज कधी जाईल नेम नाही. परत आल्यावर जिथे थांबला तिथून पुढे चालू होणारा घ्या. फायबरची भट्टी हलकी असते आणि लवकर तापते, पण जुनी झाली की तंतू सुटतात आणि ते श्वासात जाणं बरं नाही. मी विटांची घेतली. आणि लाल मातीला 1000 अंश पुरत असले तरी भट्टी 1250 पर्यंतची घ्यावी. तारा पूर्ण ताणाने चालत नाहीत, जास्त टिकतात.

भाजणीत घाई चालत नाही. 100 अंशांच्या आसपास पाणी पूर्ण निघू द्यायचं, नाहीतर वाफेने भांडं फुटतं. 573 ला मातीतली गारगोटी एकदम फुगते आणि थंड होताना तिथेच आकसते, म्हणून तिथून हळू जायचं. झाकण दुसऱ्या दिवशी उघडायचं.

मातीचं सांगायचं तर आपली काळी माती एकटी चालत नाही. फुगते, तडकते आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर हवेतला ओलावा ओढून ते खडे फुगतात आणि भांड्याची टवकी उडते. लाल माती आणून मिसळावी लागते. बाकीचे लोक भिजवलेली माती महिनोन्‌महिने मुरवतात, वास येईपर्यंत; म्हणे लवचीक होते. मला ते पटत नाही. ओल्यात जीवोत्पत्ती होणारच. मी कोरडी भुकटी ठेवते आणि लागेल तेवढीच गाळलेल्या पाण्यात भिजवते. माती थोडी आडमुठी राहते, राहू दे. झिलईची पूड घेताना तिच्यात बोन अ‍ॅश आहे का ते विचारा. ती हाडांची राख असते, बोन चायनातही तीच. आणि शिसं असलेली झिलई खाण्याच्या भांड्याला नको.

अजून एक. भट्टीच्या भोकात कुंभारीण माशी घर करते. वापर नसताना बूच घट्ट लावून ठेवायचं आणि पेटवण्याआधी बॅटरीने आतला प्रत्येक कोपरा, प्रत्येक खाच बघायची. हे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. भट्टी त्यांना अजून मान्य नाही. पण मला नीट दिसत नाही असं त्यांचं म्हणणं.

या रविवारी भट्टी लागेल. एक कप्पा अजून रिकामा आहे. कोणाच्या पणत्या असतील तर शनिवारपर्यंत आणून द्या, पण पूर्ण वाळलेल्या. गालाला लावून बघा. गार लागली तर ती अजून ओली आहे, पुढच्या महिन्यात आणा.