बॅग भरताना...

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'एकोणऐंशी' ऐकलं की मी आजही आधी मनात सेव्हन्टी नाइन म्हणते! त्यामुळे मराठी विभागासाठी लिहायचं म्हणजे थोडं टेन्शनच. पण हा विषय मला इंग्रजीत सुचेना, कारण आमच्या घरी त्यावरचं बोलणं, रडणं, भांडणं सगळं मराठीतच होतं.

माझ्या अकरा वर्षांच्या भावाला सिकलसेल आहे. विदर्भात हे नाव नवीन नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, बस, एवढाच फरक! पण त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या अन् कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखणं सुरू होतं. अंगातलं पाणी कमी होणं, थंडी, ताप, जास्त दमणूक ही त्याची निमित्तं. आता सांगा, प्रवासात यातलं काय होत नाही?

अमरावती ते अकोला जेमतेम शंभर किलोमीटर. जून 2022 मध्ये याच मार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर लांबीची डांबरी लेन टाकून गिनीज विक्रम झाला. आपले सिव्हिलवाले ते अजून कॉलर ताठ करून सांगतात. रस्ता छान झाला, आमची तयारी मात्र तीच. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या वर जातो, म्हणून निघायचं पहाटेच. आईच्या बॅगेत हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, डॉक्टरांनी लिहून दिलेली दुखण्याची गोळी, ओआरएस, थर्मामीटर आणि फाइलची झेरॉक्स. मूर्तिजापूर येईपर्यंत पाण्याची एक बाटली संपलीच पाहिजे हा पहिला नियम. त्यामुळे गाडी सारखी थांबवावी लागते; त्यावर बाबांनी चिडायचं नाही हा दुसरा! चिखलदऱ्याला जायचं तर परतवाड्यालाच उलटीची गोळी, कारण घाटात उलट्या झाल्या की पोटातलं पाणी गेलंच. वर पोचायच्या आधी अंगात स्वेटर. ताप 101 च्या वर गेला तर 'उद्या बघू' नाही, सरळ दवाखाना. अकोल्यात सर्वोपचार, अमरावतीत इर्विन, वाटेत 108.

एवढं सगळं असूनही एक गोष्ट आम्ही कधी सोबत नेत नव्हतो. ती म्हणजे खरं उत्तर. नातेवाइकांना 'त्याला जरा ॲनिमिया आहे' एवढंच सांगितलं जायचं. कारण मी! माझा रिपोर्ट 'एएस', म्हणजे मी वाहक. मला त्रास काहीच नाही, पण 'पोरीचं लग्न व्हायचं आहे.'

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात अकोल्याजवळच्या गावी मावसबहिणीचं लग्न होतं. सगळी पोरं सकाळीच हौदात उतरलेली. भाऊ काठावर बसून होता. मामा प्रेमानेच म्हणाले, "पोट्टं लय नाजूक करून ठेवलं तुमी!" आणि त्याला उचलून पाण्यात सोडलं. आई स्वयंपाकघरातून धावत येईस्तोवर तो काकडला होता. संध्याकाळी पाय दुखायला लागले. रात्री वरातीचा बँड वाजत होता आणि आतल्या खोलीत तो उशी तोंडात धरून रडत होता. आजीने आईला विचारलं, "काऊन वं, पोराले काय झालं? खरं सांग." आईने सगळं सांगून टाकलं. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मले आधी सांगतलं असतं त मी त्याले पाण्यात उतरू देलं असतं का वं?" रात्रीच मामांनी गाडी काढली. तीन दिवस सलाइन चाललं. मामा तिन्ही रात्री दवाखान्याच्या बाकावर होते.

आता अकोल्याला गेलो की मामाच आधी विचारतात, "बाटली संपली का रे?" आणि हौदाचं पाणी तापवायला चूल पेटते. औषधं बॅगेत मावतात, पण प्रत्येक गावी मुलाकडे बघणारे डोळे बॅगेत नेता येत नाहीत. ते तिथलेच लागतात, आणि सांगितल्याशिवाय मिळत नाहीत.

राहिलं माझं लग्न. मी वाहक आणि समोरचाही वाहक निघाला, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के. मग लपवून कोणाचं भलं होणार? त्याची तपासणी लग्नाआधी व्हायलाच हवी. 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचाही भर तपासणीवरच आहे. हे इथे छापायला बाबा आधी 'नको'च म्हणाले होते. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच वाचून माझी ऱ्हस्व-दीर्घाची सतरा जागी दुरुस्ती करून दिली!

आता कॉलेजच्या ट्रिपा निघतील. ग्रुपमधलं कोणी धबधब्याखाली यायला नाही म्हणालं, तर त्याला ओढू नका. आणि ते 'कोणी' तुम्ही स्वतः असाल, तर बसमध्ये शेजारी बसणाऱ्याला तेवढं सांगून ठेवा.