सुभेदारांचा टायगर

गुरुवारचा बाजार उठला की शुक्रवारी सकाळी छावणीत कुत्रं फिरवणं हे काम नसतं, शिक्षा असते. बैल-शेळ्यांचा, भज्यांचा, मटणाचा वास मातीत मुरलेला. प्रत्येक दगडाशी थांबायचं, प्रत्येक कागद हुंगायचा. आमची चिंगी, म्हणजे पांढरी पॉमेरेनियन, अशाच एका तेलकट कागदात तोंड खुपसून उभी होती. शेजारच्या सुभेदारांकडे दूधवाला आत शिरत होता, फाटक अर्धवट उघडं होतं, आणि त्या फटीतून टायगर बाहेर आला. म्हातारा अल्सेशियन, चिंगीच्या सहापट वजनाचा. भुंकला नाही, गुरगुरला नाही. सरळ आला आणि त्याने तिची मान धरली.

मी वाकले तशी चहाच्या गाडीवाल्या चाचांनी आरोळी ठोकली, "हाथ नक्को डालो बाजी, हाथ नक्को!" आणि कप विसळायची बादली टायगरच्या तोंडावर रिकामी केली. पाण्याने त्याचा जबडा क्षणभर सैल झाला. तोवर सुभेदार अनवाणीच पोहोचले होते. त्यांनी गळपट्ट्याला हात लावला नाही. जबडा सुटताच टायगरचे मागचे दोन्ही पाय मांडीपाशी धरून उचलले आणि हातगाडी मागे घ्यावी तसे उलटे चालत त्याला फाटकाच्या आत नेलं. पुढच्या दोन पायांवर तोल सांभाळणाऱ्या कुत्र्याला सहज वळून चावता येत नाही, हे मला तिथे कळलं. पकड घट्ट असताना मात्र हे करायचं नाही, असं ते नंतर म्हणाले. ओढलं की मांस निघतं.

त्यांनी टायगरला साखळी घातली, बाहेरची कडी लावली. त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. परत आले, खांद्यावरच्या पंच्यात चिंगीला गुंडाळायला गेले तर तिने त्यांच्या अंगठ्यात दात रोवला. "चावू द्या बाई, घाबरलीय ती," एवढंच बोलले. आणि मग म्हणाले, "कुत्रा माझा आहे. लस झालेली आहे, पुस्तक घेऊन येतो. तुम्ही रिक्षा थांबवा."

ही तीन वाक्यं कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावीत असं माझं ठाम मत आहे. कारण अशा वेळी सहसा ऐकू येतात ती वेगळीच: "आमचा काही करत नाही हो." "तुमचीच आधी भुंकली असेल." "एवढुशी कुत्री रस्त्यावर आणायचीच कशाला?" शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या कुत्र्याला एका रॉटवायलरने फाडलं, तेव्हा मालक "सॉरी" म्हणून गाडीत बसून निघून गेला. नाव नाही, नंबर नाही. त्याने टाळलेल्या बिलापेक्षा त्याने सोबत नेलेली माहिती मोलाची होती. चावणाऱ्या कुत्र्याला लस होती का, तो पुढचे दहा दिवस जिवंत राहिला का, हे कळायला काहीच मार्ग उरला नाही. तिच्या कुत्र्याला चावल्यानंतरच्या इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागला, आणि एवढे दिवस घरात लहान मूल आणि काळजी एकाच खोलीत.

आमचे डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहतात, त्यामुळे इतक्या सकाळीही दार उघडलं. वरून पाहिलं तर चिंगीला काहीच झालेलं नव्हतं. मानेजवळ दोन बारीक भोकं, रक्त जेमतेम. मी मनात म्हटलं, सुटलो. डॉक्टरांनी मशीनने केस उतरवले, बोथट सळई भोकात घातली आणि ती कातडीखालून सरकत सरकत थेट खांद्यापर्यंत गेली. कुत्र्याचा सुळा आत शिरतो आणि मग कुत्रा मान झटकतो. कातडी सैल असते म्हणून ती टिकते; खालचं मांस तिच्यापासून सुटतं आणि आत पोकळी तयार होते. त्या पोकळीत दातांवरचे जंतू आणि चिंगीचेच केस. डॉक्टरांनी सलाईनने ती पुन्हा पुन्हा धुतली, रबरी नळी बसवली आणि जखम बरीचशी उघडीच ठेवली. "शिवून टाकली की आत पू होणार," म्हणाले. हिरड्यांचा रंग पाहिला, छातीचा एक्स-रे काढला. मोठ्या कुत्र्याने लहानाला झटकलं की बरगडी किंवा फुप्फुस दुखावलेलं असू शकतं आणि ते पहिल्या तासात दिसेलच असं नाही. भोकं बारीक आहेत म्हणून घरी जाऊन हळद भरणारे लोक तिसऱ्या दिवशी पू घेऊन येतात, हे त्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं.

टेबलावर लसीची दोन पुस्तकं शेजारी शेजारी होती, टायगरचं आणि चिंगीचं. टायगरची रेबीजची लस वर्षाच्या आतली. डॉक्टरांनी शिक्का, बॅच नंबर, सगळं पाहिलं. तरी चिंगीला बूस्टर दिलाच आणि टायगरला दहा दिवस घरात बांधून त्याच्यावर नजर ठेवायला सांगितली. विषाणू लाळेत उतरलेला कुत्रा साधारण दहा दिवसांत मरतो, म्हणून दहा दिवस. रोज संध्याकाळी सुभेदारांचा फोन यायचा: "जेवला. पाणी प्यायला. ठीक आहे." लष्करातला रिपोर्ट असावा तसा. त्या फोनने मला जेवढं बरं वाटायचं तेवढं कुणाच्या माफीने वाटलं नसतं.

त्यांचा अंगठा मात्र त्यांना विषयच वाटत नव्हता. कंपाउंडरने त्यांना नळाशी उभं केलं, साबणाने पंधरा मिनिटं धुवायला लावलं. त्यानंतर त्यांच्या पत्नीने त्यांना घाटी रुग्णालयात पाठवलं. रक्त आलेलं असल्यामुळे जखमेत सीरम आणि मग ०, ३, ७, २८ या दिवशी लस. चिंगीची लस झालेली आहे, आपण रोज तिला पाहतो, कशाला, अशी कुरकुर त्यांनी केली. पत्नीसमोर ती चालली नाही.

बिलाचा प्रश्न आला तेव्हा मी अवघडले. शेजारी माणूस, वयाने मोठा. "राहू द्या" माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांनी पैसे भरले, पावती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, पुढच्या ड्रेसिंगचंही सांगायचं, लपवायचं नाही. मी घेतलं. संकोचाने नको म्हणायचं आणि मग वर्षभर मनात धरायचं, यापेक्षा घेतलेलं बरं. निम्मं-निम्मं करण्याचाही प्रश्न नव्हता. माझी कुत्री पट्ट्याला होती, त्यांचा मोकळा होता. चूक कुणाची हे ठरवायला पंच लागत नाहीत.

गल्लीत मात्र पंचायत बसलीच. एक जण म्हणाला छावणी पोलीस ठाण्यात तक्रार द्या. आमच्या ओळखीच्या वकिलांनी थंड डोक्याने सांगितलं की भारतीय न्याय संहितेचं २९१ कलम, म्हणजे जुन्या दंड संहितेचं २८९, हे जनावरामुळे माणसाच्या जिवाला किंवा शरीराला धोका होईल अशा निष्काळजीपणाचं आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड. कुत्र्याने कुत्र्याला फाडलं तर ते थेट लागू होत नाही. जनावराला मारण्याचं किंवा जायबंदी करण्याचं ३२५ कलम आहे, पण त्यात हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. उरते नुकसानभरपाई, ती दिवाणी न्यायालयात. आमचा भाग छावणी परिषदेचा, महापालिकेचा नव्हे, म्हणून २००६चा छावणी कायदा. त्यात कुत्र्यांच्या नोंदणीची आणि अंगावर जाणाऱ्या कुत्र्याला तोंडाला जाळी व साखळीशिवाय रस्त्यावर न सोडण्याची तरतूद आहे. थोडक्यात, कायदा आहे, पण शुक्रवारी सकाळी साडेसहाला रस्त्यावर कायदा नसतो, मालक असतो.

दुसरा सल्ला त्याहून वाईट होता. "दौलताबादच्या रस्त्याला सोडून या." हा सुभेदारांना दिला गेला, माझ्यासमोर. पाळीव जनावर वाऱ्यावर सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे बाजूला ठेवू. ज्याने आज एका कुत्रीला धरलं त्याला अनोळखी रस्त्यावर उपाशी सोडलं तर उद्या तो कुणाला धरेल, एवढा विचारही सल्ला देणाऱ्याने केला नव्हता. आणि कुत्र्याच्या जातीवर खापर फोडायचं म्हटलं तर? केंद्राने २०२४च्या मार्चमध्ये तेवीस जातींवर बंदी घालायला सांगितलं, महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. त्या यादीत अल्सेशियन नव्हताच.

सुभेदारांनी टायगरला डॉक्टरांकडे नेलं. हे मला सुचलं नसतं. इतकी वर्षं गरीब असलेला कुत्रा म्हातारपणी अचानक असा वागतो तेव्हा आधी दुखणं शोधायचं, असं डॉक्टर म्हणाले, आणि एक्स-रेत मागचे खुबे झिजलेले निघाले. या जातीत ते नेहमीचंच. दुखणाऱ्या कुत्र्याला जवळ येणारं दुसरं कुत्रं म्हणजे संभाव्य धक्का. वेदनाशामक गोळी सुरू झाली. म्हणून टायगर निर्दोष ठरत नाही, आणि सुभेदारांनीही तसा दावा केला नाही. दहा दिवस संपल्यावर त्यांनी टायगरच्या तोंडाला पिंजऱ्यासारखी जाळी आणली. कापडाची पट्टी नको, कारण कुत्रं जीभ बाहेर काढून अंग थंड करतं आणि आपल्याकडचा मे महिना तोंड बांधलेल्या कुत्र्यासाठी नाही. आधी त्या जाळीत दही लावून नुसती चाटायला द्यायची, मग क्षणभर चढवायची, मग पट्टा लावायचा. टायगरने ती स्वीकारेपर्यंत त्याचं फिरणं अंगणापुरतंच होतं. फाटकाला आतून दुसरं जाळीचं दार बसलं. दूधवाला आता दोन दारांच्या मधे दूध ओततो आणि त्याबद्दल कुरकुरतो.

चिंगीची जखम भरली, केस आले, पण मोठं कुत्रं दिसलं की ती अजून माझ्या पायांत शिरते. सुभेदारांनी दोन्ही कुत्र्यांची "ओळख करून द्यायची" सूचना एकदा केली होती. मी नाही म्हटलं, त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. माझ्या नवऱ्याला अजूनही वाटतं की टायगर या रस्त्यावर नको. तो चुकीचा आहे असं मला वाटत नाही आणि बरोबर आहे असंही म्हणवत नाही. सध्या आमचं ठरलेलं आहे: सकाळ-संध्याकाळ चिंगी, रात्री दहानंतर टायगर. वेळ बदलायची असली की आधी फोन. काल त्यांचाच आला होता, नातू यायचाय, आज जरा लवकर काढतो, तुम्ही संध्याकाळी सातपर्यंत उरकून घ्याल का, बाई?