उताराची हमाली

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बदलापूर लागते. मोहिमेवर निघालेले स्वार येथे थकलेले घोडे सोडून ताज्या दमाचे घोडे घेत, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे लोक सांगतात. या बदलापूरच्या पश्चिम भागात, उल्हास नदीच्या परिसरात सोनिवली आहे. कुळगाव-बदलापूर नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १,७४,२२६ होती. त्यानंतर शहर वेगाने पसरले आणि सोनिवलीसारख्या जुन्या वस्त्यांभोवती इमारती उभ्या राहिल्या. इमारत आली की तळमजल्यावर गाळे येतात आणि गाळ्यांबरोबर किराणा, कापड, औषधे, मिठाई, भांडी असा व्यापारही येतो.

रात्री शटर ओढण्याच्या वेळी या गाळ्यांपुढे जो ढीग साठतो, त्यात पुठ्ठ्याची खोकी, पॅकिंगचे प्लास्टिक, सुतळी, थर्माकोल, नासकी भाजी आणि चहाचे कप एकत्र पडलेले असतात. सकाळी घंटागाडी येते आणि ढीग दिसेनासा होतो. माल आणण्याचे भाडे वहीत पै-पैने नोंदवणाऱ्या व्यापाऱ्याच्या खातेवहीत या परतीच्या प्रवासाचे पान सहसा नसते.

ते पान पाहायचे असेल, तर सोनिवलीहून फार लांब जावे लागत नाही. बदलापूरनंतर वांगणी, शेलू आणि मग नेरळ. नेरळहून माथेरानचा डोंगर सुरू होतो. ह्यू मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याने १८५० मध्ये हे पठार प्रकाशात आणले. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली छोटी रेल्वे १९०७ मध्ये वर पोहोचली. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावात मोटारींना बंदी आहे. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला. मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते; पुढचा प्रवास पायी, घोड्यावर किंवा माणसाने ओढलेल्या गाडीतून होत आला. अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत. चोहोबाजूंनी समुद्राऐवजी दरी असलेले हे एक बेटच म्हणावे लागेल.

बेटावरच्या व्यापाराचा एक कठोर नियम असतो. प्रत्येक वस्तूला दोनदा हमाली लागते, एकदा चढणीची आणि एकदा उताराची. साखरेची गोणी, तेलाचा डबा, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, सारे वर चढवावे लागते. साखर खाल्ली जाते, पाणी प्यायले जाते. परंतु गोणी, डबा, खोके आणि बाटली मागे उरतात. ती दरीत टाकली, तर पर्यटकाला आकर्षून आणणारे रानच विद्रूप होते. खाली न्यायची, तर पुन्हा भाडे पडते. सपाटीवर ट्रकच्या धुरात लपून राहणारा खर्च येथे घोड्याच्या पाठीवर उघड दिसतो.

भाभा अणू संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ तंत्रावर आधारलेला बायोगॅस प्रकल्प माथेरानमध्ये उभा राहिला, त्यामागचे व्यवहाराचे कारण येथेच सापडते. ओल्या कचऱ्यात मोठा वाटा पाण्याचा असतो आणि पाणी डोंगराखाली वाहून नेण्यासाठी पैसे मोजणे शहाणपणाचे नाही. या पद्धतीत ओला कचरा दळून त्याची लापशी करतात. पहिल्या टाकीत उष्णता आणि हवा यांच्या साहाय्याने ती विघटित होते. दुसऱ्या टाकीत हवेवाचून जिवाणू तिच्यापासून मिथेनयुक्त वायू तयार करतात आणि शेवटी खत उरते. अट एकच असते. कचऱ्यात प्लास्टिक, काच वा चिंध्या आल्या, तर यंत्र अडते. म्हणजे प्रकल्पाचे यश टाक्यांपेक्षा हॉटेलच्या मोरीजवळ ठेवलेल्या दोन बादल्यांवर अधिक अवलंबून असते.

हिशेब मांडून पाहता येतो. समजा, वरच्या एका दुकानाचा रोजचा कचरा १२ किलो आहे. त्यात ५ किलो ओला, ५ किलो पुठ्ठा आणि २ किलो इतर. खाली नेण्याचा खर्च किलोमागे ३ रुपये धरला, तर सारे एकत्र नेण्यास ३६ रुपये लागतील. आता ओला कचरा वरच जिरवला, कोरडा पुठ्ठा किलोमागे ८ रुपयांनी विकला, तर त्याचे ४० रुपये येतील. त्यातून वाहतुकीचे १५ आणि उरलेल्या २ किलोंचे ६ रुपये वजा केले, तरी १९ रुपये हाती राहतात. ३६ रुपयांच्या खर्चाची जागा १९ रुपयांच्या जमेने घेतली. दिवसाचा फरक ५५ रुपयांचा, आणि ३०० दिवसांत १६,५०० रुपयांचा. आकडे मानलेले आहेत, भाव बदलतात; पण वजाबाकीची दिशा बदलत नाही. मात्र पुठ्ठा कोरडा हवा. डोंगरावरच्या पावसात भिजलेला किंवा आमटीने माखलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, घेतला तर वजनात कापतो.

हाच अनुभव सिंधुदुर्गातील वेंगुर्ला या किनाऱ्यावरच्या छोट्या शहराने मोठ्या प्रमाणावर घेतला. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तेथे घरोघरी आणि दुकानोदुकानी कचरा वेगळा घेण्याचा कटाक्ष पाळला गेला. ओल्या कचऱ्यातून बायोगॅस, पालापाचोळ्यासारख्या सुक्या कचऱ्यापासून जळणाच्या विटा, प्लास्टिकचे बारीक तुकडे डांबरी रस्त्यात, अशी वाटणी झाली आणि दुर्गंधीचा कचरा डेपो लोक पाहायला जावेत अशी जागा बनला.

सोनिवलीला दरी नाही, तेथपर्यंत गाडी येते. मग तेथील व्यापाऱ्याने हे का करावे? याचे उत्तर नदी देते. माथेरानच्या नेरळकडील उताराचे पाणी उल्हासला मिळते, ती नदी बदलापुराजवळून वाहते आणि बदलापूर-अंबरनाथची तहान तिच्यावर भागते. ओढ्यात टाकलेली पिशवी कोणाच्या ना कोणाच्या पिण्याच्या पाण्याकडेच निघालेली असते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस वेढली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. अतिवृष्टीने आलेला असा पूर कचऱ्यामुळे येत नाही. परंतु तुंबलेले गटार दुकानात पाणी लवकर आणते आणि उशिरा सोडते, आणि भिजलेल्या मालाची किंमत व्यापाऱ्यालाच मोजावी लागते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी कचरा निर्माण होतो त्याच जागी तो ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करण्याचे बंधन घातले आणि सेवाशुल्क आकारण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. त्यासाठी मोठी गुंतवणूक लागत नाही. माल उघडतानाच खोके दुमडून कोरड्या कोपऱ्यात ठेवावे, स्वच्छ प्लास्टिकची वेगळी गोणी करावी, ओल्याला झाकणाची बादली असावी. एका दुकानाच्या पाच किलो पुठ्ठ्यासाठी भंगारवाला खेप करणार नाही. एका रांगेतील वीस गाळ्यांनी वार ठरवून एकत्र दिला, तर तो दारात येईल आणि भावही बरा देईल. वेगळे केलेले हाताळणाऱ्या सफाई कामगाराचे हात काचेपासून वाचतात, हा लाभ कोणत्याही वहीत मावत नाही.

डोंगरावरच्या दुकानदाराला उताराची हमाली रोज दिसते, म्हणून तो ती टाळण्याचा विचार करतो. सोनिवलीच्या गाळेधारकाची हमाली नगरपालिकेची गाडी, सफाई कामगार आणि नदी वाहतात. वहीत त्या पानाला मथळा दिला, की पहिल्याच महिन्यात जमेच्या बाजूला काहीतरी लिहावे लागेल.