पटनचेरूच्या रोगट शेतात

सोलापूरहून हैदराबादची एस.टी. धरली की नळदुर्ग, उमरगा मागं पडतं, मग कर्नाटकातलं हुमनाबाद लागतं आणि जहीराबादच्या आसपास खिडकीबाहेरची काळी माती चक्क तांबडी होते. हैदराबाद तीसेक किलोमीटरवर आलं की येतं पटनचेरू. कारखाने, ट्रक, धूर! पण त्या गर्दीतच एक लांबलचक कुंपण सुरू होतं आणि कुंपणाच्या आत नुसती शेतंच शेतं. हेच इक्रिसॅट. कमी पावसाच्या उष्ण प्रदेशातल्या पिकांवर संशोधन करणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ साली स्थापन झाली. पिकं कोणती म्हणाल, तर ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांतलीच मंडळी!

आवार केवढं? सुमारे १४०० हेक्टर. आणि गंमत म्हणजे काळी आणि तांबडी, दोन्ही जमिनी एकाच कुंपणात आहेत. प्रयोगांसाठी याहून सोयीची जागा कुठली मिळणार? इथं बियाणांची एक बँकही आहे. १४४ देशांतून गोळा केलेले सव्वा लाखाहून अधिक नमुने तिथं जपून ठेवलेत. कायमची ठेव असते उणे २० अंशांवर. सिमल्याची थंडीसुद्धा त्या खोलीपुढं उबदार वाटेल.

पण मला सर्वांत नवल वाटतं ते इथल्या रोगट शेताचं. हो, मुद्दाम रोगट ठेवलेलं शेत! बाजरीला 'गोसावी' नावाचा रोग होतो. काही ठिकाणी त्याला केवडाही म्हणतात. बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव झाडात शिरतो आणि कणसात दाण्यांऐवजी हिरव्या पानांचा झुपकाच फुटतो. जटा वाढलेल्या गोसाव्यासारखं कणीस दिसतं, म्हणून हे नाव. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा नाशिक, नगर किंवा बीडकडचे असतील तर त्यांना विचारा, ते लगेच ओळखतील. पटनचेरूला आधी रोग घेणाऱ्या बाजरीच्या ओळी पेरतात. त्यांच्यावर रोग चांगला माजला, की मधल्या ओळींत नव्या बाजरीची परीक्षा घेतात. जी टिकेल ती पास!

परीक्षा इतकी कडक का? १९७१ साली देशात या रोगाची मोठी साथ आली आणि त्या काळची लाडकी संकरित बाजरी आडवी झाली. संकरित वाणाचं असंच असतं. लाखो झाडं जणू जुळी भावंडं. सगळ्या गावाच्या दारांना एकच कुलूप असेल, तर चोराला एक किल्ली पुरते.

तीच भीती पुढं एचएचबी ६७ या वाणाबद्दल वाटू लागली. हरियाणातल्या हिसारच्या कृषी विद्यापीठानं हे वाण १९९० साली दिलं. जेमतेम ६५ दिवसांत कापणीला येणारं! हरियाणा आणि राजस्थानात पाऊस उशिरा येतो नि लवकर जातो. तिथल्या शेतकऱ्याला घाईची बाजरीच हवी, कारण तिच्या मागून मोहरी किंवा हरभरा घेता येतो. हे वाण गोसाव्याच्या तावडीत सापडलं असतं, तर त्या घरांत दाणे कुठून आले असते?

उपाय साधा वाटेल. पटनचेरूला आयसीएमपी ४५१ नावाची बाजरी होती. तिच्यात रोगाशी लढण्याची ताकद होती, पण एचएचबीची घाई नव्हती. तेव्हा दोघींचा संकर करायचा आणि पिलावळीचा जुन्या वाणाच्या नर पालकाशी पुन्हा पुन्हा संकर करत राहायचं. मुलीत जुना अंश अर्धा, नातीत पाऊण, पणतीत त्याहून जास्त. अडचण एकच. हवा असलेला गुण वाटेत हरवला नाही ना, हे कळणार कसं? दर पिढीला रोग लावून बघत बसायचं?

इथं उपयोगी पडल्या खुणा. पत्ता सांगताना आपण म्हणतो ना, 'मारुतीच्या देवळाशेजारचं घर'? देऊळ म्हणजे घर नव्हे, पण देऊळ दिसलं की घर जवळच. तसाच डीएनएच्या लांब धाग्यावर, हव्या असलेल्या जनुकाला अगदी चिकटून, ओळखू येणारा एक तुकडा असतो. त्याला मार्कर म्हणतात. बाजरीच्या धाग्यांचा असा नकाशा इंग्लंडमधल्या जॉन इनस सेंटरमध्ये तयार झाला आणि १९९४ साली प्रसिद्ध झाला. मग काय, कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा घ्यायचा, खूण आहे का बघायची. नसेल तर रोप बाद. नर पालक असा सुधारला, मादी पालक जुन्याच पद्धतीनं, आणि २००५ साली 'एचएचबी ६७ सुधारित' शेतकऱ्यांच्या हाती आलं. यात दुसऱ्या कुठल्या जीवाचं जनुक घातलेलं नाही बरं का! बाजरीचा बाजरीशीच संकर.

पण उत्पन्नाचं काय? त्याला एक देऊळ पुरत नाही. कणीस किती भरेल, हे शेकडो जनुकं थोडं थोडं ठरवतात. म्हणून आता काही शे वाणं आधी शेतात पिकवून मोजतात आणि त्यांच्या हजारो खुणाही वाचतात. कुठली खूण किती भर घालते, किती घट करते, याचा हिशेब संगणक मांडतो. मग नव्या रोपाच्या खुणा वाचल्या, की पेरणीआधीच अंदाज! बाजरीचा संपूर्ण जनुकसंच २०१७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे एक हजार वाणांच्या खुणा वाचून कुठल्या जोडीची संतती सरस निघेल, याचं भाकीतही मांडलं गेलं. अर्थात भाकीत ते भाकीतच, आपल्या पावसाच्या अंदाजासारखं. शेवटी बी मातीत टाकावंच लागतं.

शिवाय गोसाव्याचा तो जीवही स्वस्थ बसत नाही, तो नवी रूपं धारण करतो. म्हणून २०२१ साली 'एचएचबी ६७ सुधारित २' काढावं लागलं, आणखी खुणा बघून, आणखी कुलपं लावून. पटनचेरूचं रोगट शेत त्यासाठीच राखावं लागतं.