पासष्ट टक्के

रुग्णालयातून बाहेर पडताना तिच्या हातातल्या कार्डावर ६५ टक्के असा आकडा होता. लहानपणी पोलिओनं गेलेला पाय, कुबडीनं थकलेले खांदे, एसटीच्या उंच पायरीची धास्ती, या सगळ्याचा तेवढाच हिशेब. ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. आपण त्यात मावतो का?

केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला ८० टक्के दिव्यांगत्व लागतं, शिवाय दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब. ती दोन्हींत बसत नाही. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेला ४० टक्के पुरतात. पण तिथं कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आडवी येते. नवऱ्याच्या पगारानं ती मर्यादा ओलांडली.

पगार घरात आला, हे खरं. तिच्या हातात किती आला, हे अर्जात कुणी विचारत नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं, की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. प्रत्यक्षात केंद्राचा वाटा २०१२पासून दरमहा ३०० रुपयांवर थांबला आहे, आणि ८० वर्षांखालच्या विधवांनाही तेवढेच मिळतात. महाराष्ट्रानं २०२५मध्ये दिव्यांगांसाठी दरमहा १५०० रुपयांचे २५०० करायचं ठरवलं. ते चांगलंच झालं. पण जी दारातच अडली, तिला वाढीचा काय उपयोग?

म्हणून सुधारणेची चर्चा रकमेपाशी थांबू नये. उत्पन्नाची अट घराला नव्हे, त्या व्यक्तीला लावा. आणि केंद्राची ८० टक्क्यांची रेघ याच कायद्यातल्या ४० टक्क्यांपर्यंत खाली आणा.